पाऊण तासाचे थेंब

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

आजपासून मी संशोधक. कालपर्यंत अब्बांच्या चष्म्याच्या दुकानात बसून लोकांच्या फ्रेमचे स्क्रू पिळत होते. संशोधक झाल्यावर आज संध्याकाळीही दोन पिळले.

नाशिकच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात डॉ. पेठकर म्हणून मुलांच्या डोळ्यांचे डॉक्टर आहेत. त्यांना जव्हार-मोखाड्यातली चाळीस मुलं हवी आहेत. प्लस नंबरची, म्हणजे जवळचं पाहताना ज्यांच्या डोळ्यांवर ताण येतो अशी. आणि ती तपासायला एक ऑप्टोमेट्रिस्ट हवी होती, "शक्यतो लोकल". मी जव्हारची, म्हणजे मला पाड्यावरच्या लोकांची भाषा येणारच असं त्यांनी गृहीत धरलं. माझं आयुष्य जव्हारच्या बाजारात गेलं. साखरशेतसारख्या पाड्यावरच्या माणसाशी माझं आजवरचं सगळ्यात लांबलचक संभाषण म्हणजे "फ्रेम काळी की तपकिरी?"

अम्मीने विचारलं, "ये संशोधन मतलब करना क्या है?" तिला सांगितलं तेच इथे लिहून ठेवते. प्लस नंबरचं मूल डोळ्याच्या आतला स्नायू आवळून धरतं आणि आपला नंबर लपवतं. औषधाने तो स्नायू सैल पडला की खरा नंबर बाहेर येतो. औषधं दोन. एक थेंब, सायक्लोपेंटोलेट. शाळेतच घालायचे, त्याच दिवशी तपासायचं. दुसरं ॲट्रोपिनचं मलम. ते आईने घरी तीन दिवस, दिवसातून दोनदा लावायचं आणि चौथ्या दिवशी तपासायचं. मलम पक्कं, पण त्यानंतर आठ-दहा दिवस मुलाला जवळचं धड दिसत नाही आणि उन्हात डोळे दिपतात. थेंबांनी काम भागत असेल तर मलमाची कटकट कशाला, हा सरांचा प्रश्न. म्हणून प्रत्येक मुलाला आधी थेंब, मग काही दिवसांनी मलम, आणि दोन्ही नंबरांची तुलना.

थेंबांचा नियम कागदावर जाड अक्षरात छापलाय. एक थेंब, दहा मिनिटांनी दुसरा, आणि त्यानंतर पाऊण तास थांबायचं. मगच तपासायचं.

अम्मी म्हणाली, "और इसके लिए तू चार साल पढ़ी?"

सरांनी इंग्रजीत 'फील्ड डायरी' ठेवायला सांगितली आहे. तिच्यात मी शहाण्यासारखी वागते. ही दुसरी, माझी.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

साखरशेतची शाळा. बावीस मुलं.

साडेदहाला पोचायचं होतं, बाराला पोचलो. जीपवाला पंकज वाटेत तीन ठिकाणी थांबला आणि तिन्ही ठिकाणी त्याचे मेव्हणे निघाले. शिवाय साडेतीनला त्याला मोखाड्याचे पॅसेंजर भरायचे होते, म्हणजे संशोधन साडेतीनच्या आत.

मदतीला योगिताताई, तिथल्या आशा कार्यकर्त्या. शासनाने या बाईंना इतकी रजिस्टरं दिली आहेत की आता कोणी शिंकलं तरी त्या वेळ घालून नोंद करतील. प्रत्येक थेंबापुढे घड्याळ बघून वेळ लिहीत होत्या. मी म्हटलं, "ताई, एवढं कशाला?" तर म्हणाल्या, "मॅडम, आम्हाला सवय. न लिहिलेलं काम आमच्यात झालेलंच नसतं."

मी पाच-पाच मुलांच्या तुकड्या केल्या. एका तुकडीला थेंब पडेपर्यंत आधीची तुकडी तपासायची. अगदी कारखान्यासारखं. दुसऱ्या थेंबानंतर पंधरा-वीस मिनिटांत मुलांच्या बाहुल्या टपोऱ्या झाल्या होत्या. बाहुली एवढी उघडल्यावर आणखी अर्धा तास कोणाच्या नावाने थांबायचं? नियम लिहिणाऱ्यांना पंकजची जीप पकडायची नसते.

तिसरीतली चैती नावाची मुलगी लक्षात राहिली. तिचा उजवा डोळा नाकाकडे वळतो; मोठा प्लस नंबर आवळून धरणाऱ्या मुलांत असं होतं. गुरुजींनी तिच्या देखतच सांगितलं, "हिला तपासून काही उपयोग नाही हो. डोळ्यांचा प्रश्न नाहीये, डोकंच मंद आहे." त्या मंद मुलीने थेंब घालताना मला चार प्रश्न विचारले. थेंब कडू कां लागतो, डोळ्यात टाकला तर तोंडात कसा येतो, तुझं नाव सिदरा म्हणजे काय, आणि हा पाण्यासारखा दिसतो तर पाणीच कां नाय टाकत. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं दिली.

नंबर अडीच निघाला. एवढा वळलेला डोळा पाहता मला जास्तीची अपेक्षा होती. पण डोळ्यात उजेडाची पट्टी फिरवून नंबर काढायला मी वर्गात पहिली होते, त्यामुळे अडीच म्हणजे अडीच.

सव्वातीनला बावीस मुलं खलास.

२९ नोव्हेंबर, बुधवार

मोखाड्याकडच्या शाळेत अठरा मुलं. तोच कारखाना. सरांनी चार दिवस धरले होते, मी दोनात आटपलं. सरांचा फोनवर आनंद मावेना. "सिदरा, धिस इज अ रेकॉर्ड!" चार दिवसांचं काम दोन दिवसांत कसं झालं, हे त्यांनी विचारलं नाही. मोठी माणसं बारीकसारीक गोष्टींत पडत नाहीत.

४ डिसेंबर, सोमवार

चष्मेवाटप समारंभ. खरं तर दोन्ही नंबर हाती आल्यावर चष्मे करायचे ठरले होते. पण ट्रस्टच्या अध्यक्षांना आजचीच तारीख मोकळी होती, म्हणून थेंबांच्या नंबरावरच चष्मे बनवले. विज्ञान थांबू शकतं, अध्यक्ष नाही.

एक मंडप, एक बॅनर, एकवीस भाषणं. मोजली नाहीत, पण तेवढी वाटली. बॅनरवर 'दृष्टी' हा शब्द चुकलेला होता. प्रत्येक मुलाला अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने चष्मा घातला आणि फोटोवाला सांगेपर्यंत हात काढला नाही. चैतीचा चष्मा तिच्या कपाळावर बसवून त्यांनी फोटो काढून घेतला.

खाली उतरल्यावर मी तिचा चष्मा नीट बसवला आणि पुस्तक दिलं. तिने ते लांब धरलं, जवळ आणलं, पुन्हा लांब धरलं. डोळा होता तसाच नाकाकडे. "दिसतंय का?" म्हटलं. ती म्हणाली, "दिसतं. पन अक्षर थांबत नाय."

मी म्हटलं, सवय होईल. चष्म्याच्या धंद्यातलं सगळ्यात उपयोगी वाक्य आहे ते.

७ डिसेंबर, गुरुवार

आज आयांना मलम वाटलं. तांदळाच्या दाण्याएवढं घ्यायचं, खालची पापणी ओढून आत सोडायचं, नाकाजवळचा कोपरा दाबून धरायचा. दिवसातून दोनदा, तीन दिवस. मी तीनदा सांगितलं आणि मनात म्हटलं, यातल्या निम्म्या विसरणार, निम्म्या सगळी ट्यूब एकदम फासणार. फील्ड डायरीत याला 'अनुपालनाबाबत साशंकता' असं लिहिलंय, इंग्रजीत.

चैतीच्या आईचं नाव रामी. चैतीचा बाप पुढे भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलाय. भात झोडून झालं की हीही जाणार आहे. मी विचारलं, "चैतीला होस्टेलवर ठेवणार ना?"

"बघन," ती म्हणाली. "वाचाय लागली तं ठेवन. नायतं नेन संगं. इकडं बसून काय करल? तिकडं विटा तरी उलटवल."

मी म्हटलं, चष्मा दिलाय, वाचेल.

१० डिसेंबर, रविवार

सकाळी योगिताताईंचा फोन. चैतीला ताप. मागून रामीचा आवाज येत होता, "सांग तिला, तोंड लाल झालाय, पानी पेते न् पेतेच, उजेडाला डोले उघडत नाय. लोकं बोलतात डोले घालवले पोरीचे."

माझ्या तोंडाला पोरीपेक्षा जास्त कोरड पडली. मलमाने एखाद्या मुलाला असं होतं हे मी पुस्तकात वाचलेलं. पुस्तकात ते एका ओळीत उरकतं. सरांना फोन लावला. ते म्हणाले मलम बंद, भरपूर पाणी, अंग ओल्या फडक्याने पुसा, दर तासाला मला कळवा. दिवसभर कळवलं. संध्याकाळी ताप उतरला.

दुपारी पंकजला घेऊन मी साखरशेतला जाऊन आले. "किती वेळा लावलं?" असं जरा दरडावूनच विचारलं. रामीने भिंतीकडे बोट दाखवलं. कोळशाच्या पाच रेघा. आज सकाळची सहावी ताप बघून तिने लावली नव्हती. ट्यूब पुढ्यात ठेवली. बरोबर तेवढीच वापरलेली.

सगळी ट्यूब फासणाऱ्या आयांबद्दल मी जे लिहिलं होतं, ते इंग्रजी डायरीत खोडता येईल का पाहते.

११ डिसेंबर, सोमवार

मलमानंतरची तपासणी. चाळीसपैकी छत्तीस मुलं आली. चौघांच्या घरच्यांनी तापाची बातमी ऐकून मलम नाल्यात टाकलं आणि आमच्यासाठीही तीच जागा सुचवली.

आकडे काहीच्या बाही आलेत. थेंबांनी जिथे एक आला तिथे मलमाने अडीच, जिथे दीड तिथे तीन. पुस्तकाप्रमाणे फरक अर्ध्या नंबराच्या आसपास यायला हवा. चैतीचा अडीच होता. आज सहा.

दोनदा तपासलं. सहा.

म्हणजे अध्यक्षांनी तिच्या कपाळावर बसवला तो चष्मा निम्म्याहून कमी नंबराचा.

थेंबांची बाटली खराब असणार. उन्हात राहिली असणार. परत येताना मी पंकजला चांगलं फैलावर घेतलं. डबा बॉनेटवर ठेवतोस, औषधं काय भाजी आहे का, वगैरे. त्याने आधी जीप घाटातून उतरवली. मग म्हणाला, "मॅडम, तो डबा दोन्ही दिवस तुमच्या मांडीवर होता."

१२ डिसेंबर, मंगळवार

सर खूश. मला वाटलं होतं ओरडतील. "काळ्याभोर डोळ्यांवर थेंब पूर्ण फसतात! इतका ठळक फरक कोणी दाखवलेला नाही!" फेब्रुवारीत परिषद आहे, तिथे निबंध वाचायचा म्हणून सारांश कालच रात्री पाठवलासुद्धा. ट्रस्टही आता सगळ्या शिबिरांत थेंब बंद करून सरसकट मलम देणार आहे. मी विचारलं, आणि ताप? म्हणाले, एखाद्यालाच येतो.

चैतीला सहाचा चष्मा कधी, हे विचारलं. "बघू. वाटप एकदा झालंय ना. दुसऱ्या वाटपाला मंजुरी लागेल."

निबंधात माझं नाव दुसरं असणार आहे. अम्मीने फातिमाखालाला कळवलंसुद्धा.

१४ डिसेंबर, गुरुवार

हे लिहावं की नाही, कळत नाही. लिहिते.

योगिताताई दुकानात आल्या होत्या. त्यांना त्यांच्या अहवालासाठी मुलांची नावं माझ्या यादीशी ताडून बघायची होती. रजिस्टर काउंटरवर उघडलं. दुसऱ्या थेंबाची वेळ त्यांनी लिहिलेली, तपासणीची वेळ माझ्या तक्त्यात मी लिहिलेली. नावं जुळली. मग त्या जरा घुटमळल्या.

"मॅडम, एक विचारू? कागदावर पाऊण तास छापलाय. माझ्या हिशोबानं चैतीचे सतराच मिनिटं येतात. दुसऱ्यांचे पंधरा, अठरा, वीस. तेव्हा माझं घड्याळ मागंपुढं झालं होतं काय?"

त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला टोमण्यांना उत्तरं देता येतात.

मला तिथेच सगळं समजलं. बाहुली उघडते लवकर, आतला स्नायू सैल पडायला वेळ लागतो. पहिल्या वर्षाला शिकलेली गोष्ट. उघडी बाहुली बघून मी दार उघडलं समजले आणि आत मुलं नंबर घट्ट धरून बसली होती. बाटली चांगली, थेंब चांगले, काळे डोळे चांगले. फसली असेल तर ती वर्गात पहिली आलेली बाई.

आणि मी योगिताताईंना म्हटलं, "हो. घड्याळच मागे-पुढे झालं असेल."

त्या म्हणाल्या, "मग आजच सेल बदलून घेते." आणि समोरच्या दुकानात जाऊन खरंच बदलून घेतला. काचेतून दिसत होतं.

१५ डिसेंबर, शुक्रवार

काही लिहिण्यासारखं नाही. दिवसभर स्क्रू पिळले.

१६ डिसेंबर, शनिवार

स्वतःशी बरंच भांडून पाहिलं. माझी बाजू अशी: मलमाचे आकडे खरे आहेत, म्हणजे मुलांना शेवटी बरोबर चष्मे मिळतीलच. निबंधात चूक असली तर असली, असे किती निबंध असतात. सरांना फरक हवा होता, मिळाला. कोणाचं काय बिघडलं?

दुपारी योगिताताईंचा फोन. रामी काल भट्टीवर गेली. चैतीला घेऊन. ती गुरुजींना विचारायला गेली होती, पोरगी वाचायला लागली का. गुरुजी म्हणाले, आता तर चष्माही दिलाय, तरी वाचत नाही. म्हणजे मी काय म्हणत होतो?

म्हणजे आता गुरुजींच्या मताला विज्ञानाचा आधार मिळाला. माझ्या सहीचा.

संध्याकाळी दुकान बंद करताना अब्बांना सगळं सांगितलं. ते काचेवर कापड फिरवत ऐकत राहिले. मग म्हणाले, "एका कंडक्टरच्या चष्म्यात मी उजवी काच डावीकडं आणि डावी उजवीकडं बसवली होती. तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. त्याला वाटलं वय झालं, डोळे गेले. महिनाभर तसाच तिकिटं फाडत होता. मला दुकानात हिशेब जुळवताना लक्षात आलं. तीन दिवस मी त्याच्या बसच्या वेळेला दुकानाचं शटर खाली ओढायचो."

"मग?"

"मग चौथ्या दिवशी त्याच्याच बसमध्ये बसलो. सगळ्या पॅसेंजरसमोर बोलला मला. काय काय बोलला, ते अम्मीला अजून सांगितलेलं नाही." कापडाची घडी करून त्यांनी विचारलं, "त्या पोरीचा नंबर किती म्हणालीस? सहा? फ्रेम छोटी लागेल."

१८ डिसेंबर, सोमवार

नाशिकला गेले. फोनवर सांगण्याची हिंमत नव्हती असं नाही; फोनवर सांगितलं असतं तर फोन ठेवून देता आला असता, म्हणून गेले.

सर्व सांगितलं. तुकड्या, सतरा मिनिटं, जीप. सर बराच वेळ पेनचं टोपण लावत-काढत होते.

"हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला, माझ्या अब्बांना. आणि योगिताताईंच्या रजिस्टरला."

"ते रजिस्टर कुठे असतं?"

"त्यांच्याकडे. का, सर?"

ते टोपण लावत-काढत राहिले. मी उठले. दारापर्यंत पोचल्यावर म्हणाले, "दर आठवड्याला 'प्रत्यक्ष पाहणी केली' असं लिहिलेल्या कागदावर सह्या आहेत. कोणाच्या, माहितीये?" मला माहीत होतं. "मी जव्हारला एकदाच आलोय, सिदरा. वाटपाला."

मी "हो सर" म्हटलं. बसमध्ये सबंध वाटभर वाटत होतं की नोकरी गेली. ती गेल्याचं दुःख कमी आणि अम्मीला फातिमाखालाला पुन्हा फोन करावा लागणार याची धास्ती जास्त.

घरी पोचायच्या आधी योगिताताईंना फोन करून सांगितलं, तुमचं घड्याळ ठीक होतं. त्या म्हणाल्या, "ते मला सेल बदलतानाच कळलं होतं मॅडम. दुकानदार बोलला, जुना सेल चांगलाय."

म्हणजे चार दिवस त्यांना माहीत होतं, आणि त्या माझ्या सांगण्याची वाट बघत होत्या. नाहीतर रजिस्टरमध्ये माझ्यासाठीही एखादी नोंद झाली असती.

२१ डिसेंबर, गुरुवार

भिवंडीकडची वीटभट्टी. अब्बांनी केलेला चष्मा माझ्या पर्समध्ये, रामीच्या भावाने, भिकाने, सांगितलेला पत्ता पंकजच्या डोक्यात. पंकजची मी घाट सुरू व्हायच्या आधी माफी मागितली. तो म्हणाला, "असू द्या. माझ्या तिन्ही मेव्हण्यांनी मिळून इतकी वर्षं एकदाही मागितली नाही." मग वाट वाकडी करून माझ्यासाठी चहा घेतला.

भट्टीवर ओल्या विटांच्या रांगा उन्हात मांडलेल्या. चैती एकेक वीट उलटवत होती. पहिला चष्मा केसांत अडकवलेला, केस मागे राहावेत म्हणून. त्याचा तेवढा तरी उपयोग होता.

रामीला मी सांगितलं. माझी चूक होती, मी थांबायचं तेवढं थांबले नाही, म्हणून नंबर कमी निघाला, म्हणून पोरीला वाचता आलं नाही. तिचं डोकं मंद नाही. वाटेत हे चार प्रकारे तयार केलं होतं. बोलताना सगळ्यात ओबडधोबड प्रकार तोंडातून आला.

रामी म्हणाली, "तवा कां नाय सांगितला? आठ दिस आधी सांगतीस तं हिला आनली नसती इकडं."

मी चौदा तारखेला घड्याळावर ढकललं, पंधरा तारखेला स्क्रू पिळले. हे तिला सांगण्यासारखं नव्हतं.

चैतीला चष्मा घातला. कानामागे दांड्या वळवल्या, नाकावर बसवला. ती हातातल्या विटेकडे बघत राहिली. विटेवर भट्टीच्या मालकाची अक्षरं उमटवलेली होती. तिने त्यांच्यावरून बोट फिरवलं. मग मान वर करून आईकडे पाहिलं.

रामीच्या हातात चिखलाचा साचा होता. तो तिने खाली ठेवला. वाकली. जरा डावीकडे झाली, जरा उजवीकडे झाली. चैतीचे दोन्ही डोळे तिच्या मागोमाग सरकले. दोन्ही, एकदम.

"बाय," रामी म्हणाली, "ही माज्याकडं बघते."

"आधीपण बघतच होती," मी म्हटलं.

"नाय. आधी एक डोला माज्याकडं, एक नाकाकडं. आठ वरसं मना कललाच नाय, ही माज्याकडं बघते का दुसरीकडं." तिने चिखलाचे हात मागे धरले, चष्म्याला लागू नयेत म्हणून, आणि पोरीच्या तोंडासमोर तशीच वाकून उभी राहिली. मुकादम दोनदा ओरडला. तिला ऐकू आलं नाही.

निघताना तिने एवढंच सांगितलं, "संकरांतीला भिका गावाला जानार हाये. त्याच्यासंगं धाडन." मला धन्यवाद वगैरे दिले नाहीत. बरोबरच आहे.

२६ डिसेंबर, मंगळवार

नोकरी गेलेली नाही. सर आज स्वतः जव्हारला आले, बॅनरशिवाय. योगिताताईंच्या घरी पाटावर बसून सगळं रजिस्टर पाहिलं, आणि आपल्या तक्त्यातला थेंबांचा अख्खा रकाना स्वतःच्या पेनने आडवा छाटला. परिषदेला पाठवलेला सारांश मागे घेतलाय. अध्यक्ष भडकलेत, ट्रस्ट पुढच्या वर्षी सरांना ठेवेल की नाही सांगता येत नाही, असं ते चहा पिताना सहज बोलल्यासारखं बोलले. मलमाचा असर पुरता उतरला की सगळ्यांना थेंब पुन्हा घालायचे. नियमाने.

"मी येऊन बसणार आहे," ते म्हणाले. "तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे." मग थोड्या वेळाने, "थोडंसं त्यासाठीसुद्धा."

१६ जानेवारी, मंगळवार

निकाल आधी लिहून टाकते. सरांनी मघाशी आकडेमोड केली. पाऊण तास थांबलं की थेंब आणि मलम यांत बहुतेक मुलांच्या बाबतीत अर्ध्या नंबराहूनही कमी फरक. म्हणजे थेंब चालतात. ज्यांचा डोळा वळतो आणि नंबर मोठा आहे अशा मुलांत फरक जास्त, त्यांना मलमच हवं. चैतीचा थेंबांनी पाच आला, मलमाने सहा. हे सगळं पुस्तकांत आधीपासून आहे. परिषदेत कोणी खुर्चीत ताठ बसणार नाही. पण साखरशेतच्या बाकीच्या पोरांना उगाच तीन दिवस मलम आणि ताप सोसावा लागणार नाही, एवढं झालं.

मोखाड्याकडची मुलं गेल्या आठवड्यात झाली; साखरशेतच्या शाळेत आज बावीसपैकी एकोणीस मुलं होती. सगळ्यांना एकदम थेंब घातले, मग थांबलो. पाऊण तास हा फार लांबलचक प्रकार आहे. सर व्हरांड्यात मुलांबरोबर बसून होते आणि त्यांना कोणीतरी सागरगोटे खेळायला घेतलं होतं. ते हरत होते. पंकज फाटकाशी उभा राहून एकदाही हॉर्न वाजवत नव्हता, हेही नोंदवायला हवं.

चैती परवाच भिकामामाबरोबर आली. होस्टेलवर राहते आता. वाचते का? अडखळत, बोट ठेवून, पहिलीचं पुस्तक. तिसरीतली मुलं हसतात. गुरुजी म्हणाले, "मी म्हणतच होतो, हिच्यात काहीतरी आहे."

दुसरा थेंब घालायला मी तिचा चष्मा काढून हातात धरला. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "बाय, तुला चष्मा कां नाय?"

"मला बिनचष्म्याचं दिसतं."

"मंग मागच्या टायमाला माजा नंबर कां नाय दिसला?"

योगिताताईंचं पेन थांबलं. सरांनी सागरगोट्यांतून मान वर केली. मला दहा चांगली उत्तरं सुचली. त्यातली निदान चार मजेशीर होती.

"मी घाई केली," मी म्हटलं.

चैतीने जरा विचार केला. "हां," म्हणाली. आणि डोळे मोठ्ठे उघडून थेंबासाठी मान वर केली.